उंदीर, धान्य आणि चिंचवडचा वाडा

चिंचवड गावात चापेकर बंधूंच्या वाड्यासमोर उभे राहिले की मनात प्रथम येतो तो पिस्तुलाचा आवाज. शाळेतील इतिहासाने आम्हां सर्वांना तेवढेच शिकविले आहे. २२ जून १८९७ ची रात्र, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी, गणेशखिंडीचा रस्ता आणि त्या रस्त्याने परतणाऱ्या साहेबांच्या घोडागाड्या. दामोदर हरी चापेकर व त्यांचे बंधू बाळकृष्ण यांनी त्या रात्री झाडलेल्या गोळ्यांनी लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला आणि वॉल्टर चार्ल्स रँड ३ जुलै रोजी मरण पावला. दामोदरपंतांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात वासुदेव, त्यांचे मित्र महादेव रानडे आणि बाळकृष्ण हेही त्याच वाटेने गेले. एका कीर्तनकाराच्या घरातील तीन मुलगे वर्षभराच्या अंतरात नाहीसे झाले. हरिपंतांच्या घरातील त्या आईचे काय झाले असेल, हा विचार वाड्यासमोर आमच्या मनातून कधी जात नाही.

पण ज्याच्यावर गोळी झाडली गेली तो रँड पुण्यात कोणते काम करीत होता, हे आमच्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. तो प्लेग समितीचा अध्यक्ष होता. घरे तपासणे, आजारी माणसे शोधणे, वस्ती स्वच्छ करविणे, संशयित वस्तू जाळणे हे त्याचे काम. आजच्या भाषेत बोलावयाचे तर सार्वजनिक आरोग्यावर देखरेख ठेवणारा तो अधिकारी होता. आरोग्याची तपासणी करणाऱ्या माणसाचा खून व्हावा आणि खून करणारे तरुण आमच्या चिंचवडचे असावेत, ही गोष्ट केवळ देशभक्तीच्या प्रकरणात घालून मिटण्यासारखी नाही. तपासणी कोठे चुकली, हे पाहिलेच पाहिजे. आमचे मत असे झाले आहे की त्या वर्षी सरकारने सारा जोर माणसे धुंडाळण्यात खर्च केला, आणि रोग मात्र धान्याच्या पोत्यामागे निवांत बसून राहिला.

या कथेची सुरुवात मुंबईत होते. मांडवी बंदराचा भाग म्हणजे त्या काळी मुंबईचे धान्याचे कोठार. गोदीला लागून गुदामे, गुदामांना लागून चाळी. एकाच छपराखाली खाली पोती आणि वर माणसे. सप्टेंबर १८९६ मध्ये त्या वस्तीतील रुग्ण पाहण्यास डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस गेले. डॉक्टर मूळचे गोव्यातील हडफड्याचे, आपल्याच ख्रिस्तसभेचे, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि महापालिकेचे सभासद. कडक ताप आणि जांघेत उठलेली गाठ पाहून त्यांनी निदान केले की हा नित्याचा ताप नव्हे, हा ग्रंथिक प्लेग आहे. आणि त्यांनी ते पोटात न ठेवता महापालिकेच्या स्थायी समितीपुढे सांगितले.

हे सांगणे सोपे नव्हते. व्यापारी बंदरात प्लेगचे नाव घेणे म्हणजे परदेशी बंदरांत आपली जहाजे अडकणे, कापसाचा आणि धान्याचा व्यवहार थंडावणे. अधिकाऱ्यांची जीभ तो शब्द उच्चारण्यास प्रथम कचरलीच. परंतु तपासणीअंती डॉक्टरांचे निदान खरे ठरले. व्हिएगस तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढे त्यांनी हजारो लोकांना स्वतः प्लेगची लस टोचली, आणि १९०६ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबी तलावाजवळ मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा आहे. तेथून नोव्हेनाला जाणाऱ्या आमच्या किती मंडळींनी त्याच्याकडे मान वर करून पाहिले असेल?

रोग ओळखला गेला. पण तो कोणत्या वाटेने येतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. अलेक्झांडर येरसिन याने १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधून काढला होता खरा, पण तो जंतू एका देहातून दुसऱ्या देहात कसा जातो हे अजून कोडेच होते. घाण, दुर्गंधी आणि कोंदट हवा यांतून रोग उपजतो ही जुनी समजूत डॉक्टरांच्याही मनात घट्ट होती. म्हणून मुंबईची गटारे कार्बोलिक ॲसिड आणि समुद्राचे पाणी सोडून धुण्यात आली. गटारे उजळली असतील, परंतु त्यांतील उंदीर जीव वाचविण्यासाठी वर चढले आणि घराघरांत शिरले. ज्याला हाकलावयाचे त्यालाच आपण घरात आणून बसवीत आहोत, हे त्या बिचाऱ्या कामगारांना आणि त्यांच्या साहेबांना कळत नव्हते.

मुंबईची माणसे जीव मुठीत धरून पळाली. पुण्याला जाणारा लोहमार्ग १८५८ पासून सुरू होता. खंडाळ्याचा घाट चढून गाडी लोणावळे, तळेगाव, चिंचवड, खडकी अशी पुण्यास पोहोचत असे. गाडीतून माणसे आली, त्यांची बोचकी आली, धान्याची पोतीही आली, आणि पोत्यांतून ज्यांना कोणी तिकीट विचारीत नाही असे चार पायांचे प्रवासी आले. स्थानकांवर डॉक्टर माणसांच्या काखा आणि जांघा चाचपून पाहत. पोती कोण चाचपणार?

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा कायदा. पण सरकारी अंमलदाराला कोणाच्याही घरात शिरण्याची, कोणालाही उचलून नेण्याची, काहीही जाळून टाकण्याची मुभा त्यातून मिळाली. मार्च महिन्यात रँडची समिती पुण्यात कामाला लागली. तिच्या हाताखाली गोरे सैनिक होते. बंदुकधारी शिपाई रस्त्याची दोन्ही टोके अडवीत, शोधपथके एकेका घरात शिरत, माजघर, देवघर, न्हाणीघर काही सुटत नसे. आजारी दिसला की रुग्णालयात आणि त्याच्या घरची माणसे छावणीत. मागे घरातील जमिनी उकरल्या जात, कौले उतरविली जात, अंथरुणे-पांघरुणे जाळली जात.

रँडविषयी न्यायाने बोलावयाचे तर हेही सांगितले पाहिजे की समितीच्या कागदोपत्री सूचनांत स्त्रियांचा आणि धार्मिक भावनांचा मान राखण्याविषयी बजावलेले होते. शहर वाचवावे ही त्याची इच्छा खोटी नव्हती. पण कागदावरची सूचना सैनिकाच्या बुटापर्यंत पोहोचली नाही. लष्करी शिपायाला शत्रू शोधण्याचे शिक्षण मिळालेले असते. त्याला चुलीपाशी बसलेल्या बाईशी बोलण्याचे शिक्षण कोणी दिलेले नसते. देवघरात बूट शिरले, बायकांच्या अंगाला परक्या पुरुषांचे हात लागल्याच्या तक्रारी झाल्या, सामान गेल्याच्या तक्रारी झाल्या. टिळकांच्या ‘केसरी’ने या कारभारावर झोड उठविली. पंडिता रमाबाई तर स्वतः ख्रिस्ती, इंग्रजी राज्याच्या शत्रू मुळीच नव्हत्या. पण पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयातील व्यवस्थेविरुद्ध त्यांनीही वृत्तपत्रातून उघड लिहिले. आणि याच मार्च महिन्यात, १० तारखेला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. एकाच शहरात, एकाच रोगाशी, दोन हात असे लढत होते. एक हात दार फोडून आत येणारा होता, दुसरा रुग्णाला उचलून घेणारा. टिळकांनीही लोकांच्या विश्वासातले असे निराळे रुग्णालय चालविले होते.

लोकांपाशी या रोगाचे एक ज्ञान होते, आणि ते कोणी विचारले नाही, हे या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोठे दुर्दैव होय. आमच्यापैकी पुष्कळांची मुळे नगर जिल्ह्यातील खेड्यांत आहेत. तेथील म्हातारी माणसे आपल्या वाडवडिलांकडून ऐकलेल्या प्लेगच्या हकिगती सांगत, तेव्हा त्यांच्या तोंडी एकच वाक्प्रचार असे: ‘उंदीर पडला.’ घरात उंदीर पडला, म्हणजे कोणी न मारता मरून पडलेला दिसला, की घर सोडावयाचे. दोन-चार घरांत पडले की सारे गाव रिकामे करावयाचे आणि माळावर पाचटाच्या झोपड्या उभारून राहावयाचे. सहा-आठ आठवडे गावात दिवा लागत नसे. जंतू कोणी पाहिला नव्हता, पिसवेचा दोष कोणी जाणत नव्हते. पण माणूस मरण्याआधी उंदीर मरतो एवढे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

आणि हे ज्ञान आमच्या खेडुतांचेच होते असे नाही. पवित्र शास्त्रात शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पाचवा आणि सहावा अध्याय पाहा. पलिष्ट्यांनी कराराचा कोश पळवून नेला. त्यांच्या नगरानगरांत लोकांच्या अंगावर गाठी उठल्या. आणि कोश परत पाठविताना त्यांनी दोषार्पण म्हणून पाच सोन्याच्या गाठी आणि पाच सोन्याचे उंदीर सोबत दिले. गाठ आणि उंदीर यांची सांगड इतकी पुरातन आहे. त्यातून नेमका कोणता रोग अभिप्रेत आहे यावर पंडितांनी वाद घालावा. आम्हांला एवढेच वाटते की १८९७ मध्ये पुण्यात दारे ठोठावणाऱ्या सैनिकांपैकी कित्येकांनी आपापल्या देवळात तो अध्याय ऐकला असणार.

शास्त्राने कोडे सोडविले ते पुढल्या वर्षी. पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर त्या वेळी कराचीत होता. प्लेगच्या काही रुग्णांच्या अंगावर बारीक फोड असतो आणि तो पिसवेच्या चाव्यासारखा दिसतो, हे त्याच्या ध्यानात आले होते. २ जून १८९८ रोजी त्याने आपला प्रयोग तडीस नेला. प्लेगने आजारी असलेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर एका काचेच्या बरणीत ठेवला आणि वर पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श होणार नाही, पण पिसवेची उडी पोहोचेल एवढेच अंतर. पहिला उंदीर मेला. काही दिवसांनी दुसराही प्लेगने मेला. मृत देह थंडावला की पिसवा तो सोडतात आणि जवळचे दुसरे ऊबदार शरीर गाठतात, एवढी साधी ती गोष्ट. त्याच सुमारास नेमलेल्या सरकारी प्लेग आयोगाने मात्र ती दखल घेण्यासारखी मानली नाही. मुंबईत ग्लेन लिस्टन आणि १९०५ पासून काम करणारे प्लेग संशोधन मंडळ यांनी परळच्या प्रयोगशाळेत आणि प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून तीच गोष्ट निर्विवाद सिद्ध केली, तोवर देशात लाखो माणसे गेली होती. १८९६ पासूनच्या पंचवीस वर्षांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक बळी घेतले.

आता या ज्ञानाच्या उजेडात मांडवीकडे आणि पुण्याकडे पुन्हा पाहावे. काळा घरउंदीर माणसाच्या घरात येतो तो धान्यासाठी. कणगीत, पोत्यांच्या थप्पीमागे, कौलांखाली तो राहतो. धान्य जेथे उघडे, तेथे उंदीर. उंदीर तेथे पिसू. उंदीर मेला की पिसू माणसाकडे. म्हणजे प्लेग हा जितका औषधाचा प्रश्न होता तितकाच कोठीचा होता. अन्न सुरक्षित ठेवणे आणि उंदीर-घुशींचा बंदोबस्त करणे ही दोन कामे आज निरनिराळ्या खात्यांत वाटलेली दिसतात. रोगाच्या दृष्टीने ते एकच काम आहे. रँडच्या शिपायांनी देवघर उकरण्याऐवजी भुसार बाजारातील थप्प्या हलविल्या असत्या, धान्य जमिनीपासून उचलून ठेवावयास सांगितले असते आणि पडलेल्या उंदराची वर्दी देणाऱ्यास चार आणे दिले असते, तर काय झाले असते? इतिहासाला असे प्रश्न विचारू नयेत म्हणतात. आम्ही विचारतो.

सरकारही पुढे शहाणे झाले. १८९८ च्या मार्चमध्ये मुंबईत प्लेगच्या तपासणीवरून दंगल झाली, त्यानंतर जबरदस्ती सैल होत गेली. गाव सोडून माळावर राहण्याच्या लोकांच्या रीतीला सरकारी मान्यता मिळू लागली, आणि लस ज्याच्या त्याच्या खुशीवर सोडण्यात आली. ती लस वाल्देमार हाफकिन यांची. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. लोकांनी घरात येऊ द्यावे असे वाटत असेल तर आधी आपला दंड पुढे करावा लागतो, हे त्या परदेशी शास्त्रज्ञाला कळले होते. आपल्या लोकांनी त्या दिवसांत आणखी एक गोष्ट केली. वांद्र्याच्या गल्ल्यांत, गिरगावात खोताच्या वाडीकडे जे रस्त्याकडेचे क्रूस दिसतात, त्यांतील कित्येक प्लेगच्या वर्षांतील आहेत. साथीच्या भीतीने देऊळ गाठणे अवघड झाले, तेव्हा शेजारपाजारची माणसे संध्याकाळी तेथेच जमून प्रार्थना म्हणत. महापालिकेचे आरोग्य खाते आणि क्रूसाजवळची माळ यांचे तेव्हा भांडण नव्हते. व्हिएगस डॉक्टरांच्या आयुष्यात तर दोन्ही होते.

पिंपरीच्या माळावर या कथेचा पुढला अंक घडला. परळच्या त्या प्लेग प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन संस्था हे नाव मिळाले. तिचे संचालक साहिब सिंग सोखी यांनी प्लेगची लस आणि प्लेगवरील नवी औषधे यांवर वर्षानुवर्षे काम केले. पुढे ते जागतिक आरोग्य संघटनेत गेले, आणि भारताने आपले प्रतिजैविक आपणच तयार करावे या योजनेत त्यांचा मोठा वाटा होता. ती योजना म्हणजे १९५४ मध्ये पिंपरीस स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य तिला मिळाले. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ती कायम ‘पेनिसिलिन फॅक्टरी’च राहिली. पेनिसिलिनपाठोपाठ तेथे स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले, आणि स्ट्रेप्टोमायसिन हे तर प्लेगवरील हुकमी औषध. चापेकरांच्या वाड्यापासून दोन-तीन मैलांवर, त्या गोळीबारानंतर साठ-पासष्ट वर्षांनी, ज्या रोगापायी तो सारा अनर्थ घडला त्याचा उतारा कुप्यांत भरला जात होता. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांची पहिली भाकरी त्या कारखान्याने आणि त्याच्यामागून आलेल्या कारखान्यांनी दिली. १९७० मध्ये येथे नगरपालिका आली, १९८२ मध्ये महानगरपालिका. पेनिसिलिन फॅक्टरीचे भरभराटीचे दिवस आता मागे पडले आहेत, याचे दुःख आम्हांला आहेच.

परंतु औषध हाती आल्याने एक नुकसानही झाले. आम्ही कोठीकडे पाठ फिरविली. ताप आला तर गोळी आहे, या भरवशावर पोते भिंतीला टेकूनच राहिले. या गाफीलपणाची आठवण १९९४ ने करून दिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात भीतीने लोक घरे सोडून बाहेर राहिले आणि मागे बंद घरांत धान्य पडून राहिले. उंदीर माजले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर पडू लागले, पिसवांचा सुळसुळाट झाला आणि मागोमाग गाठीचा ताप आला. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग उद्भवला. सुरत रिकामी होऊ लागली, आगगाड्या माणसांनी भरून वाहू लागल्या, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. तोंडाला रुमाल बांधून कामावर जाणारी माणसे आमच्यापैकी ज्यांनी पाहिली त्यांना ते दिवस विसरता येणार नाहीत. मृत्यू पन्नासाच्या आसपास झाले. शंभर वर्षांपूर्वीच्या मानाने नगण्य. पण मामल्याची वाट तीच होती, मांडवीची: धान्य, उंदीर, पिसू, माणूस. आणि मार्च २०२० मध्ये करोनाच्या वेळी महाराष्ट्र सरकारने जो कायदा बाहेर काढला तोही तोच, १८९७ चा.

मुंबई महापालिका मात्र मांडवी विसरली नाही असे म्हणावे लागेल. रात्रपाळीला काठी आणि विजेरी घेऊन उंदीर मारणारे कामगार तिने ठेवले. एकेकाने रात्रीत तीस उंदीर मारावे असा हिशेब, आणि त्यांतील काही उंदीर प्लेगच्या तपासणीसाठी हाफकिन संस्थेकडे जात. या कामगारांवर कोणी पोवाडे रचले नाहीत.

आमच्या पिंपरी-चिंचवडची गोष्ट निराळी आहे. हे शहर वाढले ते कारखान्यांच्या भोंग्यावर. पिंपरी कॅम्पातील किराणा बाजार, भोसरी-चाकणच्या कारखान्यांतील उपाहारगृहे, एकेका पाळीला हजारो ताटे वाढणारे कंत्राटदार, मेस, वडापावच्या गाड्या, मोशीचा कचरा डेपो. उंदरांना याहून सुखाचे नगर कोठे सापडेल? देखरेखीसाठी कायदेही पुष्कळ झाले. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा होता. ५ ऑगस्ट २०११ पासून त्याच्या जागी २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा अमलात आला. भेसळ पकडणे हा जुन्या कायद्याचा जीव. नव्याने स्वयंपाकघराची जागा, पाणी, साठवण आणि उंदीर-झुरळांचा बंदोबस्त यांचीही अट घातली. लहानशा गाडीवाल्यालाही नोंदणी सांगितली.

दोन वर्षांमागे आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात सणाच्या जेवणाची तयारी चालली होती, तेव्हा या साऱ्याचा प्रत्यय आम्हांला आला. सभागृहामागच्या कोठीत तांदळाची पोती आदल्या आठवड्यापासून पडून होती. महिलामंडळाच्या भगिनी पोते उघडतात तो खाली कुरतडलेले, आणि भिंतीला घुशीने पाडलेले बीळ. कोणीतरी एका फिरत्या इसमाला बोलावले. त्याने आत जाऊन कसल्याशा गोळ्या टाकल्या, दार ओढून घेतले आणि पैसे घेऊन तो निघून गेला. कोणत्या गोळ्या, हे त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळीतून निघणारा वायू बंद खोलीत माणसाचाही जीव घेतो. ती कोणीही, कोठेही वापरू नये असा निर्बंध आहे. हे आम्हांला दुसऱ्या दिवशी आमच्यातीलच एका परिचारिकेने सांगितले, तेव्हा सर्वांच्या तोंडचे पाणी पळाले. सारा तांदूळ टाकून द्यावा लागला.

मग दाद कोठे मागावी, याची चौकशी सुरू झाली. तयार अन्नावर देखरेख राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची. कचरा, गटार आणि घूस महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. आणि विषारी गोळ्या टाकणाऱ्याचा परवाना? तो १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली, म्हणजे कृषी खात्याकडे! पिकावरच्या किडीसाठी केलेल्या कायद्यात शहरातील घुशीचा मारेकरी जाऊन बसला आहे. या तीन दारांपैकी एकावरही आपण कधी गेलो नव्हतो, याची आम्हांला लाज वाटली. परवाना दाखव म्हणून त्या इसमाला विचारणे एवढे तरी आपल्या हाती होते.

तीनपैकी एका दारावर अखेर आम्ही गेलो. पुढल्या सणाआधी एक अधिकारी येऊन कोठी आणि स्वयंपाकघर पाहून गेले. आम्ही थोडे धास्तावलेलोच होतो. दंड होईल, जेवण रद्द करावे लागेल, असे बरेच बोलणे झाले होते. गृहस्थांनी कोठीच्या उंबऱ्यापाशी थांबून मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना विचारले, “ताई, आत येऊ का?” मग दिवा मागून घेऊन त्यांनी पोत्यांच्या मागे पाहिले, बीळ दाखविले, ते काचा आणि सिमेंट घालून बुजवावयास सांगितले. पोती फळ्यांवर ठेवा, म्हणाले, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून हातभर अंतरावर, म्हणजे मागे झाडता येईल. मोरीच्या तोंडाला जाळी बसवा. विष नको, पिंजरा लावा. चहा घेतला नाही.

फळ्या आमच्यातील एका निवृत्त सुताराने दुसऱ्याच दिवशी ठोकून दिल्या. त्या पेनिसिलिन फॅक्टरीतून कधीकाळी आणलेल्या जुन्या खोक्यांच्या आहेत, असे तो सांगतो.